सोडून दिलेली लायब्ररी कशी ओळखावी

आजचा सॉफ्टवेअर प्रकल्प क्वचितच पूर्णपणे स्वतःच्या कोडवर उभा असतो. तारखा मांडणे, सर्व्हरकडून माहिती मागवणे अशा नेहमीच्या कामांसाठी इतरांनी लिहिलेल्या लायब्रऱ्या घेतल्या जातात. प्रकल्प त्यांच्यावर विसंबून असतो, म्हणून त्या त्याच्या डिपेन्डन्सी. ‘ही आता वापरू नका, पुढे दुरुस्ती होणार नाही’ असे लायब्ररीच्या कर्त्यांनी जाहीर केले की ती डेप्रिकेटेड ठरते. पण ती त्या दिवशी बंद पडत नाही. कालच्यासारखीच चालत राहते आणि त्यामुळेच वर्षानुवर्षे कोणाच्या नजरेत येत नाही.

जावास्क्रिप्टमधली ‘रिक्वेस्ट’ ही लायब्ररी याचे ठळक उदाहरण. नोड जेएसमध्ये वेबवरून माहिती मागवायची तर एकेकाळी बहुतेकांचा हात हिच्याकडेच जाई. फेब्रुवारी 2020 मध्ये ती डेप्रिकेट झाली; 2.88.2 ही तिची शेवटची आवृत्ती. ती इन्स्टॉल करताना एनपीएम, म्हणजे नोडच्या लायब्रऱ्या आणून बसवणारे साधन, तशी वॉर्निंग देते, पण ही ओळ इतर ओळींच्या गर्दीत निघून जाते. बिल्ड सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या इन्स्टॉलचा लॉग तर सहसा कोणी उघडतही नाही.

मग जुन्या लायब्रऱ्या शोधायला ‘एनपीएम आउटडेटेड’ ही कमांड चालवली जाते, आणि खरी गफलत इथेच होते. ही कमांड प्रकल्पातल्या आवृत्तीची ताज्या आवृत्तीशी तुलना करते आणि मागे पडलेल्या लायब्रऱ्यांची यादी देते. ज्या लायब्ररीचे काम थांबले तिची नवी आवृत्ती येतच नाही; म्हणून 2.88.2 वापरणाऱ्या प्रकल्पात ‘रिक्वेस्ट’ या यादीत दिसत नाही. आवृत्ती जुनी असणे वेगळे आणि लायब्ररीच सोडून दिलेली असणे वेगळे. ‘एनपीएम ऑडिट’ही इथे अपुरे पडते, कारण ते फक्त नोंदल्या गेलेल्या सुरक्षा-त्रुटी सांगते. ‘रिक्वेस्ट’मध्ये अशी एक त्रुटी मार्च 2023 मध्ये नोंदली गेली, म्हणजे लायब्ररी सोडून दिल्यावर तीन वर्षांनी. मूळ लायब्ररीत तिची दुरुस्ती आली नाही.

अधिक उपयोगी जागा म्हणजे लॉक फाइल; प्रकल्पात आलेल्या प्रत्येक लायब्ररीची नेमकी आवृत्ती तिच्यात नोंदलेली असते. नव्या एनपीएमने तयार केलेल्या लॉक फाइलमध्ये अशा लायब्ररीच्या, म्हणजे पॅकेजच्या, नोंदीत ‘डेप्रिकेटेड’ हा शब्द कर्त्याच्या संदेशासह लिहिलेला असतो. तो शोधला की थेट घेतलेल्या आणि दुसऱ्यामार्फत आलेल्या अशा दोन्ही लायब्रऱ्या सापडतात. पुढे ‘एनपीएम एलएस रिक्वेस्ट’ विचारले की ती कोणामार्फत आत आली त्याची साखळी दिसते. पुष्कळदा प्रकल्पाच्या स्वतःच्या यादीत तिचे नावही नसते. अशा वेळी तिला आणणारी लायब्ररी अद्ययावत करावी किंवा बदलावी लागते.

इतर भाषांमध्येही सोयी आहेत. डॉटनेटमध्ये डेप्रिकेटेड पॅकेजची यादी मागता येते. पीएचपीचा कंपोझर सोडून दिलेली पॅकेजेस दाखवतो आणि कर्त्याने पर्याय सुचवला असेल तर तोही सांगतो. गोमध्ये 1.17 या आवृत्तीपासून मॉड्यूलच्या फाइलमध्येच तशी नोंद करता येते. पायथनमध्ये अशा सूचना बऱ्याचदा मुद्दाम चालू कराव्या लागतात, आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष महागात पडू शकते: पायथनसोबतच येणारे ‘डिस्ट्युटिल्स’ हे मॉड्यूल 3.10 मध्ये डेप्रिकेट झाले आणि 3.12 मध्ये काढूनच टाकले गेले.

अवघड असतात त्या औपचारिक खूण नसलेल्या लायब्रऱ्या. तारखा हाताळणाऱ्या ‘मोमेंट’ या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या कर्त्यांनी 2020 मध्ये नव्या प्रकल्पांसाठी दुसरी लायब्ररी निवडण्याचा सल्ला दिला, पण तो रीडमी आणि माहितीपानांवर. तो माणसानेच वाचावा लागतो. त्याहून धोक्याचे उदाहरण ‘इव्हेंट-स्ट्रीम’ या एनपीएमवरच्या लायब्ररीचे. तिच्या मूळ कर्त्याने काम एका अनोळखी व्यक्तीच्या हाती दिले आणि 2018 मध्ये तिच्यामार्फत बिटकॉइन चोरणारा कोड पसरला. म्हणून शेवटच्या आवृत्तीची तारीख आणि देखभाल करणाऱ्यांमधले बदल पाहावे लागतात. मात्र नुसत्या तारखेवरून निकाल देणे चुकीचे आहे. एकच छोटे काम करणारी लायब्ररी पूर्ण झाल्यामुळेही वर्षानुवर्षे बदलत नाही. तिथे पाहायचे ते एवढेच की कोणी त्रुटी कळवली तर उत्तर द्यायला अजून कोणी आहे का.