भुलभुलैया बांधताना मुलं काय शिकतात?

कागदावर छापलेला भुलभुलैया मूल पाच मिनिटांत सोडवतं. तोच लेगोच्या ठोकळ्यांनी गोटीसाठी बांधायला घेतला की अख्खी दुपार जाते. हा वेळ चुका करण्यात आणि त्या शोधण्यात जातो. खरं शिकणंही तिथेच होतं.

गोटी का अडकते?

लेगोच्या शेजारशेजारच्या दोन उंचवट्यांच्या मध्यबिंदूंत ८ मिलिमीटर अंतर असतं. काचेची नेहमीची गोटी असते साधारण १६ मिलिमीटरची. त्यामुळे दोन उंचवट्यांएवढी वाट पुरेल असं वाटतं, पण गोटी भिंतींना घासून अडकते. वाट तीन उंचवट्यांची करावी लागते.

मग खालचे उंचवटे गोटीला उसळवतात, म्हणून गुळगुळीत पट्ट्या बसवायच्या. पट्टीची जाडी ३.२ मिलिमीटर आणि एका ठोकळ्याची भिंत ९.६ मिलिमीटर. म्हणजे पट्टीच्या वर भिंत उरली फक्त ६.४ मिलिमीटर, गोटीच्या मध्यापेक्षाही खाली. वेगात आलेली गोटी ती सहज ओलांडते. आता भिंतीवर दुसरा थर हवा. एक दुरुस्ती केली की नवी अडचण कशी उभी राहते, हे मुलाला हाताने कळतं.

दुसऱ्याच्या डोक्यात शिरणं

बांधणाऱ्याला उत्तर माहीत असतं, खेळणाऱ्याला नसतं. दोन पावलांत संपणारी खोटी वाट कुणालाच फसवत नाही. ती थोडी लांब हवी, वळणानंतर बंद होणारी हवी. ‘इथे आल्यावर ताई कुठे वळेल?’ असा विचार मूल करू लागतं.

एक जुनी युक्तीही इथे पारखता येते. आत शिरल्यापासून उजवा हात भिंतीवरून न काढता चालत राहिलं, तर बाहेर पडण्याची वाट सापडते. सगळ्या भिंती बाहेरच्या भिंतीला जोडलेल्या असतील तर हे हमखास घडतं. मुक्कामाची जागा मधोमध, सुट्या भिंतींच्या आत ठेवली की युक्ती फसते. नियम कधी लागू पडतो आणि कधी नाही, हे समजणं म्हणजे गणिताचीच सुरुवात.

मोठ्यांनी काय करावं?

चूक दिसली तरी लगेच हात घालू नका. ‘गोटी नेमकी कुठे थांबते?’ एवढंच विचारा. एका वेळी एकच बदल करून पुन्हा गोटी सोडायला सांगा. नाहीतर कशामुळे जमलं ते कळत नाही. लेगो नसेल तर खोक्याचं झाकण, पुठ्ठ्याच्या पट्ट्या आणि डिंक पुरे. भिंत आपण सरळ करून दिली, तर गोटी पुढे जाईल. मूल मात्र तिथेच राहील.