शिफारशीचं एक वाक्य

कृषी विद्यापीठात तीन-तीन हंगाम चाललेल्या प्रयोगातून शेवटी हाती येतं ते एक वाक्य. अमुक भागात, अमुक जमिनीत, अमुक पिकाला हे करावं, ‘अशी शिफारस करण्यात येते’. संयुक्त ॲग्रेस्कोच्या बैठकीत ते मंजूर झालं, तरच ‘कृषी संवादिनी’त छापलं जातं आणि सहायक कृषी अधिकाऱ्याच्या (पूर्वीच्या कृषी सहायकाच्या) तोंडून गावात पोचतं. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही विद्यापीठांचे शास्त्रज्ञ आणि कृषी खात्याचे अधिकारी त्यासाठी वर्षातून एकदा जमतात. यजमानपद फिरतं असतं. दापोलीची पाळी आली की आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना उभा-आडवा महाराष्ट्र ओलांडावा लागतो, आणि त्या प्रवासाची रात्र ठरलेली: अंबा एक्स्प्रेस.

अमरावतीच्या संशोधन केंद्रातले आम्ही मॉडेल स्टेशनवर चढतो. संध्याकाळी सातच्या सुमारास गाडी सुटते, बडनेऱ्याला मुख्य मार्गाला लागते, आणि अकोल्याला विद्यापीठाच्या मुख्यालयातली मंडळी येतात. बैठकीची तारीख उशिरा पक्की होते, त्यामुळे तिकिटं तीन डब्यांत विखुरलेली असतात. पण गाडी अकोला सोडेपर्यंत सगळे एकाच खिडकीपाशी गोळा झालेले असतात. एरवी मृदशास्त्राची इमारत वेगळी, कीटकशास्त्राची वेगळी, अर्थशास्त्राची आणखी लांब. विभागप्रमुखांच्या केबिनबाहेर वाट पाहणारा नवा सहायक प्राध्यापक इथे त्यांच्याच डब्यातली भाकर आणि ठेचा खात असतो. एकमेकांचं काम नीट तपासायला माणसांना जे लागतं, ते मला या बाकावर जितकं दिसलं तितकं कुठल्याच सभागृहात दिसलं नाही.

दापोलीच्या एका खेपेला आमच्या तरुण सहकाऱ्याचा सोयाबीनचा प्रयोग होता. मांडीवर लॅपटॉप ठेवून त्याने वाक्य वाचलं: पश्चिम विदर्भात सोयाबीनची पेरणी रुंद वरंबा-सरी (बीबीएफ) पद्धतीने करावी आणि शेंगा भरताना पावसाचा खंड पडल्यास एक संरक्षित ओलित द्यावं. विद्यापीठाच्या पातळीवर ते आधी चाळून झालं होतं. आकडे चोख होते. अर्थशास्त्राच्या सरांनी तरी विचारलंच, “एकरी झडती किती वाढते ते सांग. शेतकरी हेक्टरात बोलत नाही.” हिशेब सगळ्यांनी तोंडीच केला: हेक्टरी अडीचशे किलोचा फरक म्हणजे एकरी एक क्विंटल. मग त्यातून बीबीएफ यंत्राचं भाडं वजा, डिझेल वजा. एक क्विंटल ऐकायला मोठं वाटतं. पेरणीच्या घाईत यंत्र मिळवण्याची धावपळ त्यात धरली की तेवढं मोठं राहत नाही.

गायगाव मागे गेलं, पारसच्या वीजकेंद्राचे दिवे दिसले. बाहेर बाकी काळोख होता. मृदशास्त्राच्या मॅडमनी उजवीकडच्या खिडकीकडे हात केला. “पश्चिम विदर्भ म्हणतोस, म्हणजे हेही धरलंस का?”

रुळांच्या त्या बाजूला पूर्णा नदीपर्यंत आणि तिच्याही पलीकडे खारपाणपट्टा पसरला आहे: अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतला. तिथल्या मातीत सोडियम जास्त. पाऊस पडला की चिकणमातीचे कण सुटे होतात, छिद्रं बुजतात, पाणी मुरत नाही. वाळली की तीच माती दगडासारखी होते. खालचं पाणी खारं, विहिरीवर किंवा बोअरवर ओलित करावं तर जमीन आणखी बिघडते. प्रयोगाच्या नोंदी ठेवणारे आमचे संशोधन सहायक दर्यापूर तालुक्यातले. तोवर गप्प बसलेले भाऊ म्हणाले, “सर, आमच्या गावात ओलित काय खाऱ्या पाण्यानं करसान?”

पुढचे दीड-दोन तास त्या एका वाक्यावर खल झाला. शेगावला कुणीतरी कचोरी घेऊन आलं, तीही लॅपटॉप बाजूला न ठेवताच संपली. ‘मध्यम ते खोल, निचरा होणाऱ्या काळ्या जमिनीत’ हे शब्द मलकापूरच्या आसपास आत आले. ‘गोड्या पाण्याच्या ओलिताची सोय असल्यास’ यावर वाद अधिक झाला. कीटकशास्त्राचे सर म्हणत होते, अटी वाढवल्या की शिफारस वाचणारा कंटाळतो. मॅडम हटल्या नाहीत, आणि माझ्या मते त्यांचंच बरोबर होतं. अट गाळलेल्या शिफारशीची किंमत कागदावर कुणीच मोजत नाही. खारपाणपट्ट्यातला शेतकरी मात्र ती एका हंगामात मोजून मोकळा होतो.

सकाळी ठाण्याला उतरून मांडवी एक्स्प्रेस धरली, खेडहून जीपने दापोली गाठली. काळ्या मातीत हयात गेलेली माणसं जांभ्या दगडातून कापलेला लोहमार्ग दाराशी उभी राहून बघत होती.

बैठकीत आमच्या वाट्याला मोजकी मिनिटं आली. दुसऱ्या विद्यापीठाच्या एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारलेला पहिलाच प्रश्न जमिनीचा होता. आमचा तरुण सहकारी न अडखळता बोलला, कारण हे उत्तर त्याने आदल्या रात्री चार जणांशी भांडून मिळवलं होतं. वाक्य मंजूर झालं. कोरोनाच्या काळात अशा बैठका पडद्यावर झाल्या, खर्च वाचला, हे खरं. पण एकाच विद्यापीठाच्या लोकांनी शक्यतो एकाच गाडीने जावं, असं माझं ठाम मत आहे.

खारपाणपट्ट्याचं काय, हा प्रश्न परतीच्या गाडीत निघाला. जी माती पाणी मुरू देत नाही, तीच शेततळ्यात अस्तराशिवाय पाणी धरून ठेवते, आणि ते पाणी पावसाचं, म्हणजे गोडं. मॅडमनी वहीत प्रयोगाचा आराखडा मांडायला घेतला. पेरणी तोंडावर होती, जागा लगेच ठरायला हवी होती. कल्याण यायच्या आत भाऊंनी दर्यापूरकडच्या शेततळं असलेल्या शेतकऱ्यांना फोन लावायला सुरुवात केली. प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच: “दादा, पोळ्याच्या टायमाले तुमच्या तळ्यात किती पाणी रायते?”