हर्सूल तलावात 24 फूट पाणी

पावसाळा अर्ध्यावर आला की आमच्याकडे एक आकडा घरोघर फिरतो. हर्सूल तलावात पाणी किती झालं? कुणी अठरा फूट म्हणतं, कुणी वीस. खाम नदी अडवून झालेल्या या तलावाचं पाणी शहराच्या जुन्या वस्त्यांना जातं. त्यामुळे चार फूट वाढल्याची बातमी आली की माणसांच्या चेहऱ्यावर खरंच फरक दिसतो.

समजा, आकडा 24 फुटांवर गेला. ही खोली असते भिंतीजवळची, म्हणजे तलाव जिथे सगळ्यात खोल आहे तिथली. जटवाड्याच्या बाजूने काठावर जाऊन उभं राहिलं, तर पाणी घोट्याशी लागतं. मग संपूर्ण तलाव किती खोल आहे? तलाव उलट्या शंकूसारखा धरला, तर गणित अगदी स्वच्छ सुटतं. भिंतीशी 24 फूट असेल तर सरासरी खोली बरोबर एक तृतीयांश, म्हणजे 8 फूट येते. आणि तलावाच्या निम्म्या क्षेत्रावर पाणी असतं सात फूट किंवा त्याहून कमी. पाणी तेच, तलाव तोच, आणि उत्तरं तीन: 24, 8 आणि 7. तिन्ही खरी आहेत. आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवूनही मला याचं नवल वाटायचं थांबलेलं नाही.

जूनमध्ये हे गणित एका वेगळ्याच कारणाने कामी आलं. जळगाव रोडवर त्या दिवसांत एमबीए प्रवेशाचे फ्लेक्स लागतात. ‘100 टक्के प्लेसमेंट’, ‘सर्वोच्च पॅकेज 24 लाख’. आमच्या गल्लीतल्या एका दुकानदाराची मुलगी बी.कॉम. झाली आहे आणि तिने एमबीएची सीईटी दिली आहे. एका संध्याकाळी ते तिला घेऊन घरी आले आणि म्हणाले, “सर, शंभर टक्के म्हणजे सगळ्यांनाच लागते ना नोकरी?”

मी कागद घेतला. खरं कॉलेज कुठलंच नको, म्हणून मनातलाच एक वर्ग मांडला. मंजूर जागा 60. प्रवेश घेतला 52 जणांनी. दोन वर्षांत पास झाले 48. त्यांतल्या 38 जणांनी प्लेसमेंटसाठी नाव नोंदवलं आणि 35 जणांना नोकरी लागली. आता टक्के काढा. नोंदवलेल्यांपैकी म्हटलं तर 92 टक्के. पास झालेल्यांपैकी म्हटलं तर 73. मंजूर जागांपैकी म्हटलं तर 58. शिवाय काही मुलांच्या हातात दोन-दोन ऑफर होत्या आणि ऑफर एकूण 41 आल्या असतील, तर 41 भागिले 38, म्हणजे 108 टक्के! वर्ग तोच, मुलं तीच. बदलला तो फक्त भागाकारातला रेषेखालचा किंवा रेषेवरचा आकडा. कुणी खोटं बोललेलं नाही.

“पण मग नाव न नोंदवणारे दहा जण कोण?” त्यांनी विचारलं. नेमका प्रश्न होता. कुणी वडिलांच्या धंद्यात गेलेला असतो, कुणी स्पर्धा परीक्षेला बसलेला, कुणाचं लग्न ठरलेलं. आणि कुणाला गुण कमी पडल्यामुळे नोंदणीच करू दिलेली नसते. पहिल्या तिघांना वगळणं रास्त आहे. चौथ्याला वगळलं की टक्का फुगतो. दोन्ही प्रकारच्या वगळण्यासाठी शब्द मात्र एकच वापरला जातो: ‘पात्र विद्यार्थी’. हे दोन शब्द दिसले की थांबून चौकशी करायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

रेषेखालचा आकडा काय करू शकतो, याचं मला माहीत असलेलं सर्वांत विलक्षण उदाहरण मुंबईचं आहे. आयआयटी मुंबईत 1995 पासून शैलेश जे. मेहता व्यवस्थापन विद्यालयही आहे, पण ही गोष्ट संपूर्ण संस्थेची. 2022-23 च्या हंगामात प्लेसमेंटसाठी 2,209 जणांनी नावं नोंदवली आणि 1,485 जणांना नोकरी मिळाली. म्हणजे 32.8 टक्के राहिले. 2024 मध्ये या आकड्यांवरून बरीच चर्चा झाली, तेव्हा संस्थेने 2022-23 मध्येच बाहेर पडलेल्या मुलांचं स्वतःचं सर्वेक्षण पुढे ठेवलं. त्यात अजून नोकरी शोधत असलेले होते फक्त 6.1 टक्के. संस्थेतून नोकरी मिळालेले 57.1 टक्के, बाहेरून स्वतः मिळवलेले 10.3, पुढच्या शिक्षणाला गेलेले 12.2, सार्वजनिक सेवेत 8.3, स्वतःचा उद्योग काढलेले 1.6 आणि काहीच न ठरवलेले 4.3.

हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. एका बाजूला तिघांतला एक राहिला, दुसऱ्या बाजूला सोळांतला एक. पहिला आकडा हंगामात नाव नोंदवलेल्यांचा, दुसरा बाहेर पडताना विचारलेल्या सगळ्यांचा. त्या 10.3 टक्क्यांकडे मी पुन्हा पुन्हा बघतो. हर्सूल-सावंगीकडून जमिनीखालून शहरात पाणी आणणारी मलिक अंबरची नहर आम्हाला ठाऊक आहे. तलावाच्या पट्टीवर ती कधीच दिसत नाही. ओळखीने, जुन्या विद्यार्थ्यांच्या शब्दावर, ऑनलाइन अर्ज करून नोकरी मिळवणारी मुलंही अशीच. कॉलेजच्या नोंदीत ती नसतात, पण कामाला लागलेली असतात.

आता पगार. पुन्हा आमच्या कागदावरचा वर्ग. 35 जणांपैकी एकाला 24 लाख, चौघांना 9 लाख, दहांना साडेचार लाख आणि वीस जणांना 3 लाख. बेरीज 165 लाख. भागिले 35, सरासरी 4 लाख 71 हजार. फ्लेक्सवर हाच आकडा येईल. पण सगळ्यांना पगाराच्या क्रमाने रांगेत उभं करा आणि मधल्या, म्हणजे अठराव्या मुलाला विचारा. तो सांगेल, 3 लाख. याला मध्यक म्हणतात. सरासरीपेक्षा कमी मिळवणारे किती? पस्तीसपैकी तीस! आणि 24 लाखवाला एक मुलगा बाजूला काढला, तर उरलेल्यांची सरासरी 4 लाख 15 हजारांवर येते. एकाच माणसाने प्रत्येकाच्या नावावर छप्पन्न हजार चढवलेले असतात. शंकूच्या तलावात सरासरी आणि मध्यक यांत फक्त एका फुटाचा फरक होता. पगाराचा तलाव भिंतीजवळ त्याहून कितीतरी जास्त खोल आणि काठाला कितीतरी जास्त उथळ असतो.

अमेरिकेत याची एक गोष्ट संख्याशास्त्राच्या वर्गात सांगतात. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातून भूगोल घेऊन पदवी मिळवणाऱ्यांचा सरासरी पगार म्हणे एके काळी थक्क करणारा होता. कारण 1986 च्या पदवीधरांत बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन होता. गोष्टीतले आकडे लोकांनी रंगवले असतील, पण जॉर्डनने भूगोल घेतला होता हे खरं आहे.

‘पॅकेज’ या शब्दाचीही फोड करून दाखवली. समजा पॅकेज 6 लाख. बारांनी भागून घरचे महिन्याला पन्नास हजार धरतात. पण त्यात मूळ पगार 3 लाख असेल, तर कंपनीच्या वाट्याचा 12 टक्के पीएफ 36,000 रुपये आतच मोजलेला असतो. ग्रॅच्युइटीचे 4.81 टक्के, म्हणजे 14,430 रुपयेही. कामगिरीवर मिळणारे 60,000 वर्षाअखेरीला मिळाले तर मिळाले. मग मुलाच्या वाट्याचा पीएफ 36,000 आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर 2,500. हातात उरतात महिन्याला साधारण 37,600. पीएफ वाया जात नाही हे मान्य, पण पुण्याच्या घरमालकाला पीएफ देता येत नाही. त्यामुळे हर्सूलला घरी राहून जवळच्या वाळूजला किंवा शेंद्र्याला नोकरीला जाणाऱ्या मुलीचे 3 लाख आणि पुण्यात खोली घेऊन राहणाऱ्या मुलीचे साडेचार लाख यांत पहिली मागे आहे, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

हा सगळा गोंधळ दूर करायचे प्रयत्न झाले आहेत, आणि मला त्यांचं फार कौतुक आहे. आयआयएम अहमदाबादने पुढाकार घेऊन प्लेसमेंटचे आकडे मांडायची एक ठरावीक पद्धत बनवली. त्यात वर्गातल्या प्रत्येक मुलाचा हिशेब द्यावा लागतो, नोकरी न मागणाऱ्यांचाही. पगाराचा ठरलेला भाग, एकदाच मिळणारी रक्कम आणि कामगिरीवरची रक्कम वेगळी दाखवावी लागते, आणि बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून अहवाल तपासून घ्यावा लागतो. परदेशी संस्था आणखी एक गोष्ट ठरवून सांगतात: मोजलं कधी? पदवीच्या दिवशी, की त्यानंतर तीन महिन्यांनी? तलावाचं पाणी जूनमध्ये मोजलं की सप्टेंबरमध्ये, तसंच हे.

पण सर्वसामान्य घराच्या उपयोगाचा तक्ता शिक्षणसंस्थांच्या एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीने दिला. एनआयआरएफ 2015 मध्ये सुरू झाली, पहिली क्रमवारी 2016 मध्ये आली. तिच्यासाठी कॉलेज जो तक्ता भरतं त्यात मंजूर जागा, प्रवेश, वेळेत पास झालेले, नोकरी लागलेले, उच्च शिक्षणाला गेलेले आणि पगाराचा मध्यक असे रकाने असतात. सरासरी विचारलेलीच नाही. मध्यक विचारला आहे! आणि हा तक्ता कॉलेजने आपल्या संकेतस्थळावरही ठेवायचा असतो.

मुलीने तिथेच मोबाइलवर एक तक्ता उघडला. वडील चष्मा लावून शेजारी सरकले. दुकानाचा जमाखर्च वाचायची सवय असलेला माणूस. डावीकडून उजवीकडे बोट फिरवत गेले, कुठल्या रकान्यात किती मुलं गळली ते मोजत. मध्यकाच्या आकड्यावर बोट थांबलं. पोरीला म्हणाले, “हा बघ अठरावा.”

मग त्यांनी मला विचारलं, “सर, यातली दोन वर्षांनी त्याच नोकरीत किती टिकली?”

मी तक्ता पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिला. तो रकाना त्यात नव्हता. मुलीने वहीत प्रश्न लिहून घेतला, आणि खाली तीन कॉलेजांची नावं लिहिली, सोमवारी जाऊन विचारायला.