महिला सायकल-संघ आणि टप्प्यांची शर्यत

शिरूरहून न्हावऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी शाळेच्या वेळी उभे राहिल्यास एक दृश्य सहज दृष्टीस पडते. पाठीला दप्तरे लावलेल्या मुली सायकलींवरून गप्पा मारीत, दोघी-तिघी शेजारी शेजारी चाललेल्या असतात. वारा सुटला की बोलणे थांबते. शेजारच्या मुली एकीमागे एक होतात आणि त्यांतील अंगाने दणकट असलेली मुलगी आपोआप पुढे येते. ती दमली की दुसरी पुढे होते. हे त्यांना कोणी शिकविलेले नसते. जगातील मोठमोठ्या सायकल शर्यतींत महिलांचे संघ ज्या विद्येच्या बळावर जिंकतात, तिचा पहिला धडा मात्र हाच होय.

१९ ते २३ जानेवारी २०२६ या काळात पुणे जिल्ह्यातील रस्त्यांवर ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. प्रारंभीची छोटी वेळ-शर्यत व त्यानंतरचे चार टप्पे मिळून तिचे अंतर ४३७ किलोमीटर होते. ही शर्यत पुरुषांची होती. अशीच शर्यत महिलांसाठी भरवावयाची झाल्यास काय लागेल, आणि तीत उतरणारा संघ नेमके काय करतो, हे समजून घेणे आता केवळ क्रीडाप्रेमींपुरते राहिलेले नाही. त्यात रस्ते, पोलीस, आरोग्य, शिक्षण आणि ग्रामपंचायत या सर्वांचाच संबंध येतो.

घड्याळाचा हिशेब

आपल्याकडे सर्वांच्या परिचयाची असलेली मुंबई-पुणे शर्यत एका दिवसाची. जो रेषा प्रथम ओलांडील तो विजयी, एवढा तिचा नियम. टप्प्यांच्या शर्यतीचा न्याय निराळा आहे. ती काही दिवस चालते. दररोज एक टप्पा होतो, प्रत्येक स्पर्धकाने घेतलेला वेळ नोंदविला जातो आणि अखेरीस ज्याच्या सर्व टप्प्यांच्या वेळेची बेरीज सर्वांत कमी भरते तो विजेता ठरतो. त्यामुळे एकही टप्पा न जिंकता संपूर्ण शर्यत जिंकता येते. एकाच घोळक्यातून रेषा ओलांडणाऱ्या सर्वांना एकच वेळ दिली जाते. म्हणून घोळक्यात टिकून राहणे हेच अर्धे काम असते. टप्प्यात पहिल्या येणाऱ्या मोजक्या स्पर्धकांना काही सेकंदांची सूट मिळते. सपाट टप्प्याच्या शेवटच्या साधारणतः तीन किलोमीटरांत कोणी पडल्यास त्याला त्याच्या घोळक्याचीच वेळ देतात. त्याआधी पडल्यास मात्र गेलेला वेळ गेलाच.

या नियमांचे मर्म २०२४ मध्ये महिलांच्या ‘टूर दी फ्रान्स’मध्ये जगाने पाहिले. आठ टप्प्यांच्या या शर्यतीत आदल्या वर्षीची विजेती, नेदरलँड्सची डेमी व्होलरिंग, पाचव्या टप्प्यापर्यंत आघाडीवर होती व आघाडीचा पिवळा सदरा तिच्या अंगावर होता. त्या टप्प्यात रेषा सुमारे सहा किलोमीटर दूर असताना ती पडली. तीन किलोमीटरांच्या नियमाचा आधार तिला मिळाला नाही. तिच्या संघातील काही खेळाडू पुढे निघून गेल्या होत्या. एवढेच नव्हे, तर तो टप्पा तिच्याच संघातील हंगेरीच्या ब्लांका वासने जिंकला. व्होलरिंग १ मिनिट ४७ सेकंद मागे राहिली. पिवळा सदरा पोलंडच्या कासिया नेवियादोमाकडे गेला.

अखेरच्या दिवशी आल्प्स पर्वतातील प्रसिद्ध चढावर व्होलरिंगने सर्वांना मागे टाकले. त्या सकाळी ती नेवियादोमापेक्षा ७५ सेकंदांनी मागे होती. टप्पा जिंकताना तिने ६१ सेकंद भरून काढले आणि विजयाची १० सेकंदांची सूटही मिळविली. उरले चार सेकंद. तेवढ्याच फरकाने नेवियादोमा विजयी झाली. आठ टप्पे, सुमारे साडेनऊशे किलोमीटर आणि फरक चार सेकंदांचा! पडलेल्या नायिकेसाठी संघाने वेळीच थांबावयास हवे होते काय, यावर पुढे पुष्कळ चर्चा झाली. प्रस्तुत लेखकाच्या मते थांबावयास हवे होते. पण रस्त्यावर ताशी पन्नास किलोमीटर वेगाने जाणाऱ्या खेळाडूस मागे काय घडले हे नेहमीच कळते असे नाही, हेही खरे.

वारा आणि तिरकी रांग

सपाट रस्त्यावर सायकलपटूची बहुतेक शक्ती हवेला बाजूस सारण्यात खर्च होते. वेग दुप्पट झाला की हवेचा अवरोध चौपट होतो. पुढील सायकलीच्या अगदी मागे, हात-दीड हात अंतरावर राहिले तर मागच्या खेळाडूचे श्रम सुमारे एक तृतीयांशाने वाचतात. म्हणूनच प्रत्येक संघात सहा-सात खेळाडू असतात व त्यांतील बहुतेकींचे काम स्वतः जिंकणे हे नसते. एक चढावर चांगली असते, तिला अखेरपर्यंत जपावयाचे असते. एक शेवटच्या दोनशे मीटरांत वेगवान असते. बाकीच्या पुढे राहून वारा अंगावर घेतात, मागील मोटारीकडे जाऊन पाण्याच्या बाटल्या सदऱ्यात कोंबून आणतात, नायिकेचे चाक पंक्चर झाले तर स्वतःचे चाक काढून देतात. निकालपत्रकात त्यांची नावे साठाव्या-सत्तराव्या क्रमांकावर सापडतात. बक्षिसाची रक्कम मात्र संघात वाटून घेण्याची प्रथा आहे.

आता हाच विचार शिरूर व दौंड तालुक्यांच्या नकाशावर करून पाहू. हा पुणे जिल्ह्याचा पर्जन्यछायेतील पूर्वभाग. माळरान मोकळे, झाडी विरळ, कालवे पोहोचले तेथे ऊस. शिरूरहून न्हावरे, पारगाव येथील भीमेवरील पूल व पुढे केडगाव-चौफुला असा जाणारा रस्ता ढोबळमानाने उत्तर-दक्षिण आहे. त्यामुळे वारा पावसाळ्यातील पश्चिमेचा असो की हिवाळ्यातील पूर्वेचा, तो या रस्त्यावर बाजूनेच लागतो. बाजूचा वारा असला की थेट मागे राहून आडोसा मिळत नाही. वारा उजवीकडून येत असेल तर मागच्या खेळाडूने थोडे डावीकडे सरकावे लागते, तिच्या मागचीने आणखी डावीकडे. अशी तिरकी रांग तयार होते. दुपदरी रस्त्याच्या रुंदीत तीत जेमतेम दहा-बारा जणी मावतात. तेराव्या खेळाडूला जागा उरत नाही. ती रस्त्याच्या कडेला, आडोशाविना एकटी पडते, तिच्यामागे सर्वांची तीच गत होते आणि पाहता पाहता घोळका तुटतो. जाणता संघ अशा वळणाच्या आधीच आपल्या सर्व खेळाडूंना पुढे आणून ठेवतो. चौफुल्याला सोलापूर रस्त्यावर डावीकडे वळले की तोच बाजूचा वारा पाठीवर तरी येतो किंवा तोंडावर तरी. तोंडावर आल्यास तुटलेला घोळका पुन्हा जुळू शकतो. पाठीवर आल्यास पुढे गेलेल्यांना गाठणे जवळजवळ अशक्य.

चढ म्हणावा असा या भागात एकच, पाटसच्या पुढचा रोटी घाट. संत तुकाराम महाराजांची पालखी यवत व वरवंडचे मुक्काम आटोपून याच घाटाने बारामती तालुक्यात उतरते. आल्प्सशी त्याची तुलना करण्याचे कारण नाही. पण वाऱ्यात शंभर किलोमीटर झुंजून आलेल्या पायांना तोही पुरेसा ठरेल. सह्याद्रीतील घाटांपेक्षा ही सपाटी सोपी, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. घाटात जी दमते ती एकटी मागे पडते. येथे एका क्षणाच्या दुर्लक्षाने अर्धा संघ मागे राहतो.

शर्यतीचा बंदोबस्त

दौंड तालुक्यातील अधिकाऱ्यांना व सरपंचांना रस्ता मोकळा ठेवण्याचा अनुभव नवा नाही. लाखो वारकऱ्यांची वाट, पाण्याचे टँकर, आरोग्य पथके आणि वाहतुकीचे वळण यांची योजना दर आषाढी वारीला केली जाते. शर्यतीचा बंदोबस्त त्याच्या तुलनेने लहान, परंतु अधिक नेमका असतो. जानेवारीत शर्यत ठेवल्यास गळिताचा हंगाम ऐन भरात असतो. उसाच्या बैलगाड्या, जोड-ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, रस्त्यावर पडलेली कांडी आणि सांडलेली मळी हा सायकलीच्या अरुंद चाकाला मोठाच धोका. तेव्हा साखर कारखान्यांशी आधीच बोलून त्या दिवसाची वाहतूक काही तास थांबविणे हे पहिले काम. दुसरे काम गतिरोधकांचे. गावोगावी लोकांनी आपल्या सोयीने घातलेल्या उंचवट्यांवर पन्नास-साठ सायकली एकदम आल्या म्हणजे काय होईल, हे सांगावयास नको. ग्रामपंचायतीने त्यांची यादी तरी द्यावी. मोकाट जनावरे व कुत्री आवरण्याचे कामही गावाचेच.

महिलांच्या शर्यतीत आणखी एक गोष्ट लागते, जिचा उल्लेख करण्याचे कागदपत्रांत सहसा टाळले जाते. चार-पाच तासांच्या टप्प्यात आणि त्याआधीच्या प्रतीक्षेत स्वच्छतागृहाची सोय हवी. प्रारंभस्थानी, अंतिम रेषेजवळ व मार्गातील एखाद्या शाळेत ती करावी. ती नसली तर मुली पाणी पिणे टाळतात. उन्हात सायकल चालविणाऱ्या खेळाडूने पाणी टाळणे म्हणजे आजाराला बोलावणेच होय.

उशिरा उघडलेले दार

महिलांच्या मोठ्या शर्यती मागाहून आल्या व मध्येच खंडित होत राहिल्या. पुरुषांची ‘टूर दी फ्रान्स’ १९०३ पासून चालू आहे. महिलांसाठी १९५५ मध्ये पाच टप्प्यांची एक शर्यत झाली, ब्रिटिश खेळाडू मिली रॉबिन्सन तीत विजयी झाली, आणि मग जवळजवळ तीस वर्षे काही झाले नाही. १९८४ मध्ये अमेरिकेच्या मारियान मार्टिनने पुन्हा सुरू झालेली शर्यत जिंकली. ऑलिंपिकमध्येही महिलांची रस्त्यावरील शर्यत त्याच वर्षी प्रथम आली. पुढे हा प्रयत्नही मंदावला. आजच्या स्वरूपातील शर्यत २०२२ मध्ये आठ टप्प्यांनी सुरू झाली. त्या वर्षी विजेतीस ५० हजार युरो मिळाले, तर पुरुष विजेत्यास ५ लाख. पुरुषांचे टप्पे एकवीस असतात, हे मान्य केले तरी एवढ्या तफावतीचे समाधानकारक उत्तर त्यातून मिळत नाही.

आपल्या राज्यात मुलींच्या हाती सायकल पोहोचविण्याचे काम शासनाने केले आहे. मानव विकास कार्यक्रमातून १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू विद्यार्थिनींना सायकली देण्यात आल्या. बिहारने २००६ मध्ये अशीच योजना आखली आणि माध्यमिक शाळेतील मुलींची संख्या तेथे लक्षणीय वाढली. पण शाळेची सायकल आणि शर्यतीची सायकल यांत मोठे अंतर आहे. चांगल्या शर्यतीच्या सायकलीस लाखाच्या घरात पैसे पडतात. एकट्या पालकाने हा भार उचलावा ही अपेक्षा व्यर्थ होय. चार-पाच सायकली तालुक्याच्या ठिकाणी सामाईक ठेवून निवडक मुलींना त्यांवर सराव देणे अधिक व्यवहार्य.

त्याआधी शिक्षकांनी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली रक्ताची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्त हेच प्राणवायू वाहून नेते. ते कमी असलेल्या मुलीला वाऱ्यात पुढे काढणे म्हणजे तिच्यावर अन्याय करणे होय. तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताची तपासणी प्रथम आणि सराव नंतर. आहाराबाबत परदेशी चूर्णांच्या मागे लागण्याची गरज नाही. लांब पल्ल्यावर दर तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदके लागतात. केडगाव परिसरातील गुऱ्हाळांचा गूळ, केळी आणि मीठ घातलेले पाणी यांतून ती भागतात.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. सराव पहाटे करावा, असे सर्वत्र सांगितले जाते. शिरूरमध्ये मात्र उसाच्या फडात बिबट्यांचे वास्तव्य आहे आणि २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड परिसरात त्यांच्या हल्ल्यांत लहान मुलांनाही प्राण गमवावे लागले. तेथे मुलींना अंधारात उसाकडेच्या रस्त्याने पाठविणे कोणत्याही शिक्षकाला परवडणार नाही. सराव सूर्योदयानंतर, गटानेच, आणि पाठीमागे एक मोटारसायकल ठेवून व्हावा. मोटारसायकल चालविणारा एखादा पालक मिळतो; प्रश्न पेट्रोलचा असतो. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाची असते. महिन्याचे ते आठ-दहा लिटर पेट्रोल त्यात बसते की नाही, हे न्हावऱ्याच्या किंवा पाटसच्या एखाद्या महिला सदस्याने येत्या ग्रामसभेत विचारून पाहावयास हरकत नाही.