सोळा पिक्सेलांची उसंत

माझ्या टेबलाच्या खणात काही छापील पानं आहेत, कडा पिवळ्या पडलेली. वर फाइलचं नाव आहे: डी_ड्रॉ१६.एस. ‘क्वेक’ या गेमचा मूळ कोड आयडी सॉफ्टवेअरने डिसेंबर १९९९मध्ये सगळ्यांसाठी खुला केला, त्यातली ही एक फाइल. भाषा असेम्ब्ली. डावीकडे प्रोसेसरला दिलेले आखूड हुकूम, उजवीकडे माणसांसाठी टिपणं. मधेच एका ओळीत भागाकाराचा हुकूम येतो आणि लिहिणाऱ्याने शेजारी नोंदवलेलं असतं की, हा सगळा खटाटोप चालला आहे तो या भागाकाराचा वेळ दुसऱ्या कामात मुरवण्यासाठी.

गेमिंगच्या मशीनसाठी कुठल्या प्रोसेसरला कुठलं ग्राफिक्स कार्ड जोडावं, असं कुणी विचारलं की मला ही ओळ आठवते. यंदा गणपतीत भाच्याने विचारलं, “मामा, लाखभर रुपये जमलेत. कार्डात जास्त घालू की प्रोसेसरमध्ये?” दोन याद्या त्याने तयारच ठेवल्या होत्या. मी त्याला आधी भागाकाराची गोष्ट सांगितली.

‘क्वेक’ जून १९९६मध्ये आला तेव्हा घरोघरच्या मशीनमध्ये त्रिमितीसाठी वेगळं कार्ड नव्हतं. भिंत, जमीन, राक्षस, सगळं प्रोसेसरनेच रंगवायचं. लांबवर जाणाऱ्या भिंतीच्या विटा क्रमाने लहान होत गेलेल्या दिसायच्या तर प्रत्येक पिक्सेलपाशी खोलीने भागावं लागतं. पडदा ३२० बाय २००चा, म्हणजे ६४,००० पिक्सेल. इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरला एका भागाकाराला, अचूकता किती हवी त्यानुसार, १९ ते ३९ चक्रं, म्हणजे त्याच्या घड्याळाचे ठोके, लागत. सेकंदाला ३० फ्रेम हव्या असतील तर १०० मेगाहर्ट्‌झच्या पेंटियमच्या वाट्याला एका फ्रेममागे सुमारे ३३ लाख चक्रं येतात. त्यातली किमान १२ लाख नुसत्या भागाकारांत जाणार. मग शत्रूने कधी हलायचं आणि गोळी कुठे लागली हे कधी ठरवायचं?

तोड काढली मायकेल अब्राशने. मायक्रोसॉफ्टमधून आयडीत जॉन कारमॅकच्या हाताखाली आलेला हा माणूस आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नाही, पण इंटेलच्या प्रोसेसरमधला एकेक क्षण कुठे सांडतो याचा एवढा बारीक हिशेब लिहून ठेवणारा दुसरा लेखक माझ्या वाचनात नाही. त्याच्या रचनेत खरा भागाकार सोळा पिक्सेलांतून एकदाच होतो. मधल्या पिक्सेलांची जागा सरळ रेषेने काढली जाते. डोळ्याला फरक कळत नाही. खरी करामत त्यापुढची आहे. पेंटियममध्ये अपूर्णांकांचं गणित करणारा भाग वेगळा आणि पूर्णांकांचा वेगळा. भागाकार एकदा सुरू करून दिला की तो होईपर्यंत दुसरा भाग मोकळा असतो. अब्राशने पुढच्या सोळा पिक्सेलांचा भागाकार आधीच लावून दिला आणि तो चालू असताना हातातले सोळा रंगवून घेतले.

भाकऱ्या करताना हेच तर चालतं. एक तव्यावर टाकायची आणि ती भाजेतो परातीत दुसरी थापायची. तवा आणि परात यांची गती जुळली की हात थांबत नाही आणि तवाही रिकामा राहत नाही. ही लय पेंटियमच्या तव्यावर बेतलेली होती, आणि पुढचं भांडण त्यातूनच उभं राहिलं.

त्या वेळी डॅलसच्या आसपास दोन कंपन्या होत्या. मेस्कीट गावात आयडी सॉफ्टवेअर आणि रिचर्डसनमध्ये सायरिक्स, १९८८मध्ये स्थापन झालेली, इंटेलशी टक्कर घेणारी छोटी कंपनी. तिच्या ६x८६ या प्रोसेसरवर ‘पी१६६+’ असं छापलेलं असे, पण तो चाले १३३ मेगाहर्ट्‌झवर. कंपनीचं म्हणणं असं की, आमचा १३३ त्यांच्या १६६च्या पेंटियमच्या तोडीचं काम करतो. हे तोलण्यासाठी वापरली जाई ती विनस्टोन ही चाचणी. पत्रं लिहिणं, तक्ते भरणं असल्या कचेरीच्या कामांत गती किती, ते ती मोजायची.

‘क्वेक’ आला आणि हा आकडा उघडा पडला. ६x८६चा पूर्णांकांचा भाग खरोखर चपळ होता, पण अपूर्णांकांचा भाग पेंटियमसारखा एकामागून एक कामं आत घेणारा नव्हता. एक आकडेमोड उरकल्याशिवाय तो दुसरी हातात घेत नसे. परात तयार आणि तवा मंद. १६६चं नाव मिरवणारा हा प्रोसेसर ‘क्वेक’मध्ये आपल्याहून कमी मेगाहर्ट्‌झच्या पेंटियममागे पडू लागला. लबाडीचा आरोप झाला. मला तो अन्यायाचा वाटतो. पत्रं आणि तक्ते यांच्यापुरता तो आकडा खरा होता. चूक ही की, एका कामासाठी मोजलेला आकडा सगळ्या कामांचा म्हणून छापला गेला आणि घेणाऱ्यांनीही तो तसाच वाचला. १९९७मध्ये सायरिक्स नॅशनल सेमीकंडक्टरमध्ये विलीन झाली, १९९९मध्ये व्हिआ या कंपनीकडे गेली.

दरम्यान थ्रीडीएफएक्स कंपनीचं व्हूडू हे खास त्रिमितीचं कार्ड आलं होतं. त्याला साधं, सपाट चित्र काढता येत नसे. त्यासाठी जुनं कार्ड मशीनमध्ये ठेवावंच लागे. जुन्या कार्डातून निघालेली केबल मागच्या बाजूने व्हूडूत जाई आणि व्हूडूतून मॉनिटरला. काही कार्डांत गेम सुरू होताना आतला रिले टक् करून वाजायचा आणि पडदा व्हूडूच्या ताब्यात जायचा. जानेवारी १९९७मध्ये ‘जीएल-क्वेक’ आला. अब्राशने एवढ्या कष्टाने मुरवलेला भागाकार आता कार्ड करू लागलं.

तरी भांडण मिटलं नाही. कार्ड पिक्सेल रंगवत होतं, पण कुठला त्रिकोण पडद्यावर कुठे पडतो हे गणित प्रोसेसरकडेच राहिलं होतं, आणि तेही अपूर्णांकांचं. त्यामुळे मंद तव्याच्या मशीनमध्ये व्हूडू बसवलं तर चित्र देखणं व्हायचं, पण गती मनासारखी वाढायची नाही. ‘बॉटलनेक’ म्हणून आज जे मुलांच्या तोंडी आहे ते हेच.

पुढची वर्षं भराभर गेली. ऑगस्ट १९९८मध्ये सेलेरॉन ३००ए आला. बसची गती ६६वरून १०० केली की हा स्वस्त प्रोसेसर बहुतेकदा ४५० मेगाहर्ट्‌झवर बिनतक्रार चाले आणि महागड्या पेंटियम-२च्या खांद्याला खांदा लावून उभा राही. पेंटियम-२कडे कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेली झटपट मेमरी, ५१२ किलोबाइट, पण निम्म्या गतीची. याच्याकडे १२८च, पण पूर्ण गतीची. १९९९च्या जीफोर्स २५६ने त्रिकोणांचं गणितही कार्डात ओढलं. तेव्हापासून प्रोसेसरचं काम हलकं होत जाईल असं वाटलं होतं. तसं झालं नाही, कारण कार्डाला काय काढायचं हे सांगणारा ड्रायव्हर प्रोसेसरवरच चालतो. डिसेंबर २०२४मध्ये आलेल्या इंटेलच्या आर्क बी५८० या माफक किमतीच्या कार्डाने नव्या प्रोसेसरबरोबर वाहवा मिळवली. जुन्या प्रोसेसरबरोबर मात्र, काही गेममध्ये, तेच कार्ड फार मागे पडलं. परीक्षकांनी जानेवारीत ते दाखवून दिलं. ज्यांचं बजेट बेताचं त्यांच्यासाठी बनवलेलं कार्ड, आणि जुना प्रोसेसर असतो तोही त्यांच्याकडेच.

मोजण्याची पद्धतही सुधारली. स्कॉट वॉसन या परीक्षकाने २०११मध्ये दाखवलं की ‘सेकंदाला ६० फ्रेम’ या सरासरीत खूप काही लपतं. साठच्या हिशेबाने प्रत्येक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांत यायला हवी. एखादी ६० मिलिसेकंद घेते, हाताला झटका बसतो आणि सरासरी मात्र छान दिसते. पी१६६+चंच हे धाकटं भावंड: आकडा खरा, प्रश्न दुसराच.

एवढं ऐकून भाचा म्हणाला, “मग माझं काय?” मी विचारलं, कुठला गेम, कुठला पडदा? १०८०पीच्या मॉनिटरवर तो बहुतेक काउंटर-स्ट्राइक खेळतो. म्हटलं, जुन्या मशीनवर गेम लाव, सेकंदाला किती फ्रेम येतात तो आकडा लिहून घे आणि रिझोल्यूशन ७२०पीवर आण. पडद्यावरचे पिक्सेल २० लाखांवरून ९ लाखांवर येतील. आकडा वाढला तर अडचण कार्डाची.

रात्री त्याचा मेसेज आला: “मामा, हललाच नाही. फक्त चित्र घाण दिसतंय.”

म्हणजे कार्ड हातावर हात ठेवून प्रोसेसरची वाट पाहत बसलं होतं. त्याला कळवलं, कार्ड आहे तेच राहू दे. पैसे प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅममध्ये घाल. मोठ्या कॅशचा प्रोसेसर परवडला तर उत्तम. उरलेले ठेवून दे. उद्या १४४०पीचा मॉनिटर आणलास की पुन्हा हीच चाचणी कर, तेव्हा कदाचित कार्डाची पाळी असेल. आणि खणातली पानं काढून त्या एका ओळीचा फोटो त्याला पाठवला.