स्पेनचा कोंबडा काय म्हणतो?

कोंबडा जगात सगळीकडे सारखाच आरवतो. पण मराठी घरातल्या मुलाला 'कुकूच कू' ऐकू येते आणि स्पॅनिश बोलणाऱ्या मुलाला 'किकिरिकी'. आपला कुत्रा 'भू भू' करतो, त्यांचा 'ग्वाउ ग्वाउ'. त्यांचे बदक 'क्वा क्वा' करते, बेडूक 'क्रोआक'. मांजर मात्र तिकडेही 'मियाउ'च म्हणते. प्रत्येक भाषा एकच आवाज आपापल्या अक्षरांत बसवते.

म्हणूनच परकी भाषा शिकवताना प्राण्यांच्या आवाजापासून सुरुवात करणे सोपे जाते. चिलीचे इस्माएल पारागेस यांच्या नावावर असलेले 'लोस पोयितोस दिसेन' हे गाणे स्पॅनिश बोलणाऱ्या बहुतेक देशांत लहान मुले गातात. त्यात भुकेली, गारठलेली पिल्ले 'पिओ पिओ' करतात; आई त्यांना मका आणि गहू शोधून देते, पंखाखाली घेते. एवढ्याशा गोष्टीत 'आंब्रे' म्हणजे भूक, 'फ्रिओ' म्हणजे थंडी, 'माईस' म्हणजे मका, 'त्रिगो' म्हणजे गहू हे शब्द मुलाला पाठ न करता येतात. टाळ्यांच्या ठेक्यावर, हातवारे करत रोज पाच मिनिटे म्हटले तरी पुरे. उच्चार चुकला तर रागावू नये. आपण पुन्हा नीट म्हणावे, मूल आपोआप सुधारते.

आपल्यासाठी या भाषेत आणखी एक ओढ आहे. 711 पासून 1492 पर्यंत स्पेनच्या भूमीवर मुस्लिम सत्ता होती. आजही स्पॅनिश मूल जिराफाला 'हिराफा' म्हणते, विंचवाला 'अलाक्रान'. हे अरबी 'जराफा' आणि 'अल-अक़रब'च. साखर 'असूकार', तांदूळ 'अर्रोस'. 'असे होवो' म्हणताना ते 'ओहाला' म्हणतात, त्यातही अल्लाहचे नाव दडले आहे. 1567 मध्ये ग्रॅनडात अरबी बोलण्या-लिहिण्यावर बंदी आली, तरी हे शब्द लोकांच्या तोंडी राहिले.

भाषांची विविधता ही अल्लाहच्या निशाण्यांपैकी एक असल्याचे सूरह रूम सांगते. आपल्या घरांत आधीच दखनी किंवा कोकणी, मराठी, उर्दू आणि मक्तबातली अरबी नांदते. काही पालकांना हे ओझे वाटते आणि ते मुलांशी घरची बोली बोलणेच सोडतात. आम्हाला वाटते, नवी भाषा जरूर शिकवा. पण 'किकिरिकी' शिकवताना दादी-नानीचा कोंबडा कसा आरवतो, हेही मुलांना ऐकवा. जी बोली घरात बोलली जात नाही, ती नातवंडांपर्यंत पोहोचत नाही.