बॅकअपचा पत्ता बदला

दर वर्षी ३१ मार्चला ‘जागतिक बॅकअप दिन’ असतो. २०११पासून तो पाळला जातो आणि मुद्दाम एप्रिल फूलच्या आदल्या दिवशी ठेवलेला आहे. आपल्याकडे नेमकी त्याच दिवशी आर्थिक वर्षाची अखेर. हिशेब जुळवायच्या धांदलीत बॅकअप कुणाला आठवणार? एरवी डिस्कवरच्या सवलतींच्या जाहिरातींपुरताच हा दिवस. आता मात्र त्याला दक्षिण कोरियातल्या देजॉनच्या आगीची पार्श्वभूमी आहे.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी तिथल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्या हलवताना भडका उडाला आणि ७०९ सरकारी यंत्रणा बंद पडल्या, हे वाचकांना आठवत असेल. ज्या बातमीकडे फारसे लक्ष गेले नाही ती ‘जी-ड्राइव्ह’ची. सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फायली ठेवण्याची ही सोय, माणशी ३० जीबी, एकूण साठा ८५८ टीबी. ती पूर्ण जळाली. ‘ऑफिसच्या संगणकावर काही ठेवू नका, इथेच ठेवा,’ असे कर्मचाऱ्यांना सांगितलेले होते. ज्यांनी मुकाट्याने ऐकले, त्यांचेच सर्वांत जास्त गेले. मग दुसरीकडे प्रत का नव्हती? साठा फार मोठा आहे म्हणून, असे उत्तर मिळाले.

हसू नका. आपल्या घरातही हेच उत्तर मिळते. ‘एवढे फोटो कुठे कॉपी करत बसू?’ म्हणत माणसे वर्षे काढतात. जे थोडे शहाणे असतात ते एक्स्टर्नल हार्ड डिस्क घेतात, एका रविवारी सगळे कॉपी करतात आणि डिस्क ठेवतात लॅपटॉपच्याच बॅगेत, चार्जरशेजारच्या कप्प्यात. बॅग चोरीला गेली की मूळ आणि नक्कल दोन्ही एकाच चोराच्या हाती. काही जण डिस्क कायम संगणकाला जोडूनच ठेवतात. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून खंडणीखोर व्हायरस शिरला, की तो संगणकातल्या फायलींना कुलूप लावतो आणि जोडलेल्या डिस्कलाही सोडत नाही.

या क्षेत्रातला सर्वांत कामाचा नियम कुणा संगणकतज्ज्ञाने नव्हे, तर पीटर क्रोघ या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केला. हजारो फोटो सांभाळणे हा ज्याच्या पोटापाण्याचा प्रश्न, त्यालाच हे सुचावे यात नवल नाही. नियम तीन आकड्यांचा: ३-२-१. एकूण तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. सगळी चर्चा तीन आणि दोनवरच होते: कोणती डिस्क, किती टीबी, एसएसडी की साधी. माझ्या मते सगळी मदार शेवटच्या ‘एक’वर आहे. बॅकअप कशावर घेतला यापेक्षा तो कुठे आहे, हे आधी विचारावे.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळुणात शिरले, तेव्हा तळमजल्यावरच्या घरांत आणि दुकानांत काहीच कोरडे राहिले नाही. अशा घरात टेबलावर एक आणि कपाटात एक अशा दोन डिस्क असल्या काय आणि नसल्या काय. त्याच वर्षी मार्चमध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच कंपनीचे डेटा सेंटर जळाले. बॅकअपसाठी वेगळे पैसे मोजलेल्या काही ग्राहकांच्या प्रतीही त्याच आगीत गेल्या आणि प्रकरण कोर्टात गेले.

‘मग क्लाउड आहे की!’ असे कुणी म्हणेल. आहे, आणि घराबाहेरची प्रत म्हणून तो चांगलाच आहे. पण तीन गोष्टी पाहूनच त्यावर विसंबावे. पहिली, गूगलचे फुकटचे १५ जीबी मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असतात. ॲपल आणि मायक्रोसॉफ्ट तर ५ जीबीच देतात. दुसरी, सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. लॅपटॉपवरून फोल्डर उडवले की ते क्लाउडवरूनही उडते, आणि गूगल ड्राइव्हची कचरापेटी ३० दिवसांनी आपोआप रिकामी होते. तिसरी, वेळ. ३० एमबीपीएसच्या अपलोडने ५०० जीबी चढवायला, लाइन एकदाही न तुटता, दीड दिवस लागतो. त्यातून दोन वर्षे खाते वापरले नाही, तर गूगल ते पुसून टाकू शकते. वडील गेल्यावर त्यांच्या खात्याचे काय होणार, याचा विचार किती घरांत झालेला असतो?

मोठ्या कंपन्यांकडेही चुका होतात. मे २०२४मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ‘युनिसुपर’ या निवृत्तिवेतन निधीची गूगल क्लाउडवरची यंत्रणा गूगलकडच्या चुकीने पुसली गेली. ती परत उभी करताना कामी आल्या दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेल्या प्रती.

म्हणून माझे मत जरा जुन्या वळणाचे आहे. क्लाउडवर निवडक ठेवा, आणि पूर्ण प्रत ठेवा दुसऱ्या घरी. मराठी कुटुंबांना यासाठी वेगळी जागा शोधावी लागत नाही. मुलगा पुण्यात, आईवडील साताऱ्याला, बहीण नाशिकला, गावचे घर कोकणात. एकसारख्या दोन डिस्क घ्या. गणपतीला गावी जाताना ताजी घेऊन जा, तिथली जुनी घेऊन या. दिवाळीला पुन्हा तेच. तोवर इकडची डिस्क महिन्यातून एकदा जोडायची, कॉपी करायची आणि काढून ठेवायची.

थोडी पथ्ये पाळावीत. डिस्कला पासवर्डचे कुलूप हवेच, कारण ती चार जणांच्या घरात राहणार आहे. विंडोज प्रोमध्ये बिटलॉकर असतो, इतरांसाठी व्हेराक्रिप्ट फुकट मिळते. पासवर्ड कागदावर लिहून डिस्कपासून वेगळा, पण घरातल्या आणखी एकाला ठाऊक असेल अशा जागी ठेवा. कपाटात टाकून ठेवायला फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क बरी. एसएसडी आणि पेन ड्राइव्ह दीर्घकाळ विजेविना, त्यातही उकाड्यात राहिले तर त्यावरचा मजकूर पुसट होत जातो. कोकणातल्या दमट हवेसाठी हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरतात. बँकेचा लॉकर सुरक्षित खरा, पण डिस्क बदलायला तिथे वारंवार कोण जाणार? शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आग किंवा चोरी झाल्यास भरपाईला बँक बांधील असते, पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीत सहसा नसते.

डिस्क बदलताना एक काम चुकवू नका. गावाहून आणलेली डिस्क दुसऱ्या कुणाच्या तरी लॅपटॉपला लावा आणि चार-दोन फायली उघडून पाहा: एखादा जुना फोटो, एखादा व्हिडिओ, सातबाऱ्याचा स्कॅन, गेल्या वर्षीचे आयकर विवरणपत्र. काही उघडले नाही, तर मूळ फाइल अजून शाबूत असतानाच नवी प्रत करता येते.